घोट्याइतकं धुकं

गुरुवारी संध्याकाळी सातचा खेळ.
एच नऊ, एच दहा. दोन तिकिटं फ्रीजवर
चुंबकाखाली, वीजबिलाच्या शेजारी.
अजून एकोणीस दिवस.

टोलीडोत हे मी कुणाला सांगत नाही,
की शाळेची बस चालवणारी एकसष्ट वर्षांची बाई
गुडघ्याला पट्टा बांधून रात्री दोनला
स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालते,
कारण 'तिसरी पाळी'वर सिनेमा येतोय.

तुम्हाला ठाऊक नसणारच. कुणालाच नव्हती.
अकरा अंक निघाले, पस्तीस सेंटला एक,
रंग कायम रेघेबाहेर सांडलेला,
सगळ्यांच्या ओठांची लाली गालावर.
पाकुल्स्कीच्या पेट्रोल पंपावर मिळायचे,
गळाला लावायच्या गांडुळांच्या डब्याशेजारी.

बलदंड कुणी नव्हतं त्यांच्यात.
गंजकान्या: लोखंड आतून कुजताना त्याला ऐकू येई.
म्यूरिएल: हात हलवला की धुकं,
पण घोट्याइतकंच. त्याच्या वर कधी नाही.
चोर अडखळून पडायचे, एवढंच.
आणि जागल्या. त्याला झोप येत नसे,
बस्स, तीच त्याची शक्ती.
काचेच्या कारखान्यात तिघंही रात्रपाळीला.

आमचे वडीलही.
सकाळी सातला घरी येत, डोळे तांबारलेले,
मनगटांवर भाजल्याचे डाग,
आणि मला वाटे,
बोलून दाखवत नाहीत इतकंच.

अकराव्या अंकाची शेवटची चौकट:
पुलाचा एकेक रिव्हेट कण्हतोय,
गंजकान्या ओरडतोय,
आणि जागल्याचे डोळे मिटतात.
पहिल्यांदाच.
खाली तिरक्या अक्षरांत, पुढील अंकी.

पुढील अंक आला नाही.
हिवाळाभर दर मंगळवारी मी विचारायला जायची
आणि पाकुल्स्की गांडुळांकडे बघत मान हलवायचा.
शेवटी माझ्या भावानं, कॅझनं,
गणिताच्या वहीत बारावा अंक काढला.
बॉलपेननं, आठ पानं.
त्यात पूल पडत नाही.
जागल्या झोपतो. नुसता झोपतो.
म्यूरिएल त्याच्यावर धुकं पांघरते,
घोट्याइतकंच, पण माणूस आडवा असला
की तेवढं पुरतं.

आता झलक आलीय, पावणेतीन मिनिटांची.
बस धुवून झाल्यावर डेपोत बसून नऊ वेळा पाहिली.
म्यूरिएल चवळीची शेंग झालीय,
तिचं धुकं चाळीस मजले चढतं, विमानं गिळतं.
अगं बाई, घोट्याइतकं होतं गं ते!
मी इतक्या जोरात ओरडले
की ऑर्विल मेकॅनिक पाना घेऊन गाडीखालून बाहेर आला.

तरीही.
एका क्षणी जागल्या पाठमोरा दिसतो,
खांदे जरा पुढे आलेले,
कॉलर डाव्या बाजूला दुमडलेली.
अकराही अंकांत ती तशीच होती.
म्हणजे त्या कपडे शिवणाऱ्यांत
कुणीतरी आहे, ज्यानं ते वाचलेत.
त्या एका कॉलरच्या जिवावर
मी हे एकोणीस दिवस काढणार.

कॅझला फोन केला, टूसॉनला.
तिकडे तो दुकानांच्या छपऱ्या विकतो.
"तिसरी कुठली?" म्हणाला. वहीही आठवेना.
"मी काढली होती? मला तर घोडासुद्धा काढता येत नाही."
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"पूल पडला होता का गं?"
"तू पडू दिला नव्हतास."
"सिनेमावाले पाडतील. त्याचेच तर पैसे घेतात."
पुन्हा पंखा.
"येतो बुधवारी. पण पूल पाडला
तर मी उठून जाणार, आधीच सांगतो."

जा खुशाल, म्हटलं.
ती आठ पानं पर्समध्ये असतील.
गाडीतला दिवा लावून वाचू.